अठ्ठावीस फेरे

उसाचा रस तुम्ही सगळ्यांनीच प्यायला असेल. आमच्या सांगलीकडे तर उन्हाळा सुरू झाला की दर चौकात एक रसवंती दिसते. पण ग्लास हातात येईपर्यंत चरकाच्या कडेला फिरणाऱ्या दातेरी चाकांकडे तुमच्यापैकी किती जणांनी निरखून पाहिलंय? लहान चाक भराभर फिरतं आणि त्याच्या दात्यात दाते अडकवून मोठं चाक सावकाश फिरतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकदा वर्गातल्या एका मुलानं मला विचारलं, "बाई, मोठं चाक आळशी असतं का हो?" सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. समजा, लहान चाकाला १० दाते आहेत आणि मोठ्याला ३०. मोठ्या चाकाचा एक फेरा व्हायला लहान चाकाला तीन फेरे मारावे लागतात. म्हणजे मोठं चाक फिरतं तिसऱ्या हिश्श्यानं, पण त्याचा जोर होतो जवळजवळ तिप्पट. म्हणून तर एवढासा पट्टा किंवा मोटर ऊस चिरडू शकते! मोठं चाक आळशी नाही, ते वेग देतं आणि जोर घेतं.

हे एवढंसं गणित एका म्हाताऱ्या जीपला भंगारात जाण्यापासून वाचवील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण तसं झालं खरं. तीच हकीकत आज सांगते.

माझं आजोळ तासगाव तालुक्यात. द्राक्षांचा मुलूख. मामांच्या वस्तीवर गोठ्याशेजारी एक पत्र्याचं छप्पर आहे आणि त्याखाली आजोबांची जीप. आजोबांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबा आता नाहीत. जीप आहे. तिचा हिरवा रंग उडून कुठं तांबडा, कुठं पांढरा झालाय. स्टिअरिंग डाव्या हाताला. मागच्या बाजूला कुणीतरी ब्रशनं लिहिलेली 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' ही अक्षरं अजून वाचता येतात.

या जीपनं काय काय नाही केलं! १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा आबा तिच्यामागं ट्रॉली जोडून पिंपांनी पाणी आणायचे. वस्तीवरचीच नव्हे, आजूबाजूच्या चार वाड्यांची जनावरं त्या पाण्यावर जगली, असं आई सांगते. अडलेली बाळंतीण रात्री-अपरात्री मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात न्यायची तर हीच जीप. माझी आईसुद्धा माझ्या वेळी हिच्यातूनच मिरजेला गेली. तेव्हा मीही एका अर्थी या जीपची पहिल्या दिवसापासूनची प्रवासी!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी गेले तर जीपच्या पोटातलं खोकं बाहेर काढून लाकडी फळीवर ठेवलेलं. मिरजेहून एक तरुण मिस्त्री आला होता. मामा उकिडवे बसून त्या खोक्याकडे बघत होते.

"काय झालं मामा?"

"दुसरा गिअर उडतोय पोरी. टाकला की धरत न्हाई. चढाला तर लईच तरास. आता मिस्त्री म्हणतोय, ह्याचं सामानच मिळत न्हाई."

'गिअर उडणं' म्हणजे काय, तर गाडी चालू असताना गिअरचा दांडा आपोआप मागे न्यूट्रलला येणं. आतल्या चाकांचे दाते झिजले की असं होतं. गाव सोडून दोन मैलांवर आलेला एक भंगारवाला वजनावर जीप घ्यायला तयार होता. तो परवा टेम्पो घेऊन येणार होता. मामांनी त्याला 'हो' म्हटलेलं नव्हतं, पण 'नाही'सुद्धा म्हटलेलं नव्हतं.

आता हे खोकं म्हणजे काय ते आधी समजून घेऊ या. इंजिन भराभर फिरतं, पण एकटं असताना त्याचा जोर बेताचाच. उभी गाडी हलवायची, चढ चढायचा, चिखलातून निघायचं, तर चाकांना जोर हवा. सपाट डांबरीवर पळायचं तर वेग हवा. म्हणून इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडी पेटीत लहानमोठी दातेरी चाकं बसवतात. पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त, वेग कमी. शेवटच्यामध्ये वेग जास्त, जोर कमी. आपल्या रसवंतीचंच गणित! फरक इतकाच, की इथं चालकाला हवी ती जोडी दांड्यानं निवडता येते. या पेटीला म्हणायचं गिअरबॉक्स.

आमच्या जीपमध्ये चालकाजवळ एक नव्हे, तीन दांडे आहेत. लांबडा दांडा गिअरचा. बाकीचे दोन आखूड. त्यांतला एक पुढच्या चाकांनाही जोर जोडण्यासाठी, म्हणजे चारही चाकं ओढू लागतात. दुसरा, सगळा वेग आणखी कमी करून जोर वाढवण्यासाठी. हे दोन दांडे गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेल्या दुसऱ्या पेटीचे. मिस्त्रीनं ती पेटी सोडवून बाजूला ठेवली होती. आपलं काम होतं पहिल्या पेटीशी.

मिस्त्रीनं दिल्लीला फोन लावला. तिथं काश्मिरी गेटला मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. पलीकडचा दुकानदार शांतपणे म्हणाला, "तीन गिअरची जुनी जीप ना? मग आधी सांगा, बॉक्स टी-८४ आहे की टी-९०? टी-९० चं सामान माझ्याकडं आहे. टी-८४ चं नाही, आणि कुठं मिळेल तेही सांगता येत नाही. एकाचे गिअर दुसऱ्यात बसत नाहीत. नीट बघून सांगा, पाठवलेला माल परत घेणार नाही."

झालं! सगळ्यांची तोंडं खोक्याकडे. खोकं काही बोलेना.

"त्यात बघायचं काय?" मामा म्हणाले. "आबांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलीय ही जीप. लढाईतली गाडी हाय."

आता या ठिकाणी थोडा इतिहास सांगायला हवा. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला एक लहान, हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बनवायला मुदत दिली होती अवघी ४९ दिवसांची! बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ती पाळली. पण लढाईसाठी गाड्या हव्या होत्या लाखांनी. म्हणून पुढे विलीज आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि सैन्याला नको असलेल्या पुष्कळ जीप आपल्या देशातही लिलावात विकल्या गेल्या. त्याच वर्षी विलीज कंपनीनं साध्या नागरिकांसाठी, त्यातही शेतकऱ्यांसाठी, वेगळी जीप काढली. नांगर ओढायचा, ओझं वाहायचं, तर पेटी दणकट हवी. म्हणून लढाईच्या जीपमधली टी-८४ ही पेटी जाऊन नव्या जीपमध्ये टी-९० ही जास्त मजबूत पेटी आली.

आणि आपल्याकडे? मुंबईत १९४५ सालीच महिंद्र बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर एक कंपनी काढली होती. देश स्वतंत्र झाल्यावर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडे कंपनीचं नाव १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. या कंपनीनं अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून मुंबईत जीप बनवायला सुरुवात केली. पुढे ती जीप इथंच तयार होऊ लागली. तिच्यातही अनेक वर्षं टी-९० हीच पेटी होती. आता कळलं ना, दुकानदाराकडं टी-९० चं सामान का होतं? जी पेटी आपल्याच देशात वर्षानुवर्षं वापरली गेली, तिचे भाग मिळणारच.

म्हणजे प्रश्न असा होता. पेटी टी-९० असेल, तर जीप चालेल. टी-८४ असेल, तर परवा टेम्पो येणार.

मामांचा थोरला नातू सातवीत आहे आणि धाकटी नात चौथीत. दोघं मघापासून चुळबुळ करत होती. मी म्हटलं, "चला, आपण पुरावे गोळा करू. आधी नुसतं बघायचं. हात नाही लावायचा."

नात धावत जीपच्या तोंडाशी गेली. इंजिनापुढं जी उभ्या फटींची जाळी असते ना, त्या फटी तिनं मोजल्या. "नऊ!" हा पुरावा मोठा होता. लढाईच्या जीपच्या जाळीला नऊ फटी असत, आणि नंतरच्या नागरी जीपला सात. शिवाय हेडलाइटही लहान आणि जाळीच्या आत ढकललेले, तेही लढाईच्या जीपसारखेच. मामांची मान ताठ झाली. "सांगितलं न्हवं मी?"

नातवानं रॉकेलचा बोळा घेऊन काही बोल्ट पुसले. फोर्ड कंपनी आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी 'एफ' अक्षर उठवायची, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. आमच्या बोल्टांवर 'एफ' काही सापडला नाही. पण बोल्ट काय, इतक्या वर्षांत कितीदा तरी बदलले असतील. तो पुरावा आम्ही बाजूला ठेवला.

मग पेटी. अशा पेटीच्या कवचावर ओतकामातच अक्षरं आणि आकडे उठवलेले असतात. आमच्या पेटीचं कवच कधीकाळी तडकलं होतं. त्यावर वेल्डिंग करून, वर घासूनपुसून साफ केलेलं. अक्षरांपैकी उरला होता फक्त एक 'टी'. आणि 'टी' तर दोन्ही नावांत आहे! दुकानदाराला फोटो पाठवला. तो म्हणाला, "वेल्डिंगखाली काय आहे ते फोटोत दिसत नाही. मी अंदाजानं सांगणार नाही." मला त्याचं हे बोलणं आवडलं. अंदाजानं उत्तर देणारी माणसं पुष्कळ असतात.

मिस्त्री म्हणाला, "मॅडम, गिअर टाकून बघू का? तीनच गिअर हायेत, रिव्हर्स डावीकडं वर, पहिला त्याच्या खाली. पहिला गिअर गाडी चालती असताना टाकला तर कर्रकन आवाज येतो. दुसऱ्या-तिसऱ्याला येत न्हाई."

हा आवाज का येतो, माहीत आहे? दोरीच्या उड्या आठवा. दोघीजणी दोरी फिरवताहेत आणि तुम्हाला आत शिरायचंय. तुम्ही आधी दोरीच्या तालावर मान हलवता, ताल जुळला की आत उडी घेता. ताल न जुळवता शिरलात तर दोरीचा फटका! गिअरचंही तसंच. दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत असतील तर त्यांचे दाते एकमेकांवर आपटतात. म्हणून दाते अडकण्याआधी दोन्ही वेग जुळवणारं पितळी कडं बसवतात. ही युक्ती पहिल्यांदा कॅडिलॅक या अमेरिकन मोटारीत १९२८ साली आली. त्याआधीचे चालक क्लच दोनदा दाबून, कानानं अंदाज घेत गिअर बदलायचे. आमच्या पेटीत दुसऱ्या-तिसऱ्याला असं कडं होतं, पहिल्याला नव्हतं. पण गंमत अशी, की टी-८४ मध्येही तसंच असतं आणि टी-९० मध्येही तसंच! म्हणजे याही पुराव्यानं निकाल लागेना.

इतक्यात नातवानं मोबाइलवर एक जुनं पुस्तक शोधून काढलं. अमेरिकेच्या लष्करानं १९४४ साली या जीपसाठी छापलेलं. त्याचं नाव टीएम ९-८०३. त्यात टी-८४ पेटीचे आकडे दिले होते. विलीज कंपनीच्या नागरी जीपच्या पुस्तकात टी-९० चे आकडे मिळाले. ते मी वहीत शेजारी शेजारी लिहून घेतले.

पहिला गिअर: टी-८४ मध्ये २.६६५, टी-९० मध्ये २.७९८.
दुसरा गिअर: टी-८४ मध्ये १.५६४, टी-९० मध्ये १.५५१.
तिसरा गिअर: दोन्हींत १.
रिव्हर्स: टी-८४ मध्ये ३.५५४, टी-९० मध्ये ३.७९८.

"म्हणजे काय आत्या?" नातीनं विचारलं. दशांश अपूर्णांक तिला अजून यायचे आहेत.

मी तिला सांगितलं, "हे बघ, या पेटीला दोन टोकं आहेत. पुढच्या टोकाला इंजिन जोडतात, मागच्याला चाकं. मागचं टोक एकदा फिरायला पुढचं टोक किती वेळा फिरवावं लागतं, तो हा आकडा."

आणि हे सांगता सांगताच मला वाटलं, अरे, मग विचारायचं काय उरलं? मोजून बघू या की! पण एका फेऱ्यात २.६६ आणि २.८० यांतला फरक डोळ्याला कसा कळणार? हात थोडा हलला तरी चूक. म्हणून आम्ही मागचं टोक दहा वेळा फिरवायचं ठरवलं. दहानं गुणलं की फरकही दहापट होतो. टी-८४ असेल तर पुढचं टोक साडेसव्वीसपेक्षा जरासं जास्त फिरेल. टी-९० असेल तर अठ्ठावीस. आता कुणालाही कळेल!

मिस्त्रीनं पुढच्या शाफ्टवर एक जुनी क्लचप्लेट सरकवली, म्हणजे हातानं फिरवायला चक्र मिळालं. दोन्ही टोकांवर आणि कवचावर खडूच्या खुणा केल्या. मी क्लचप्लेट फिरवणार, नातू तिचे फेरे मोजणार, नात मागच्या टोकाचे मोजणार. मामांना काम दिलं वहीत लिहायचं. ते नको नको म्हणत होते, पण पेन्सिल घेतली.

पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. वर्गात नवीन वजनकाटा आणला की आपण आधी माहीत असलेलं वजन ठेवून बघतो ना, तसं. तिसऱ्यात दोन्ही टोकं सरळ जोडली जातात. इकडे दहा, तिकडे दहा. आमची मोजदाद बरोबर होती.

मग दुसरा. साडेपंधराच्या आसपास. दोन्ही पेट्यांच्या आकड्यांत दहा फेऱ्यांना फरक पडतो जेमतेम एका फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याचा, आणि झिजलेल्या दात्यांमध्ये ढिलाई तेवढीच. मी मामांना लिहायला सांगितलं, "निकाल नाही."

मग पहिला. गोठ्यातली म्हैससुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. नात ओरडत होती, "चार... पाच... सहा..." नातू पुटपुटत होता, "चौदा, पंधरा, सोळा..." नातीचे नऊ झाले तेव्हा नातू पंचविसावर होता. मी हळू केलं. सव्वीस झाले. साडेसव्वीस झाले. खडूची मागची खूण अजून जागेवर आली नव्हती. सत्तावीस झाले, तरी नाही. आणि अठ्ठाविसावा फेरा पुरा होता होता, बोटभर अंतर उरलं असताना, नात ओरडली, "दहा!"

आम्ही तीनदा मोजलं. तीनदा अठ्ठावीस.

तरी मी म्हटलं, एक साक्षीदार पुरत नाही, दुसरा बोलावू. रिव्हर्स टाकला. आता मागचं टोक उलटं फिरू लागलं. टी-८४ ला साडेपस्तीस, टी-९० ला अडतीस. इथं तर अडीच फेऱ्यांचा फरक! आमचे झाले अडतीस.

मिस्त्रीनं दिल्लीला फोन लावला आणि एकच वाक्य बोलला, "टी-९० आहे, मोजून सांगतोय."

मुलं नाचायला लागली. मामा मात्र उठून छपराबाहेर जाऊन उभे राहिले. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, "म्हंजे लढाईतली न्हवंच ही. मग आबा काय उगंच सांगत होतं व्हय सगळ्यास्नी?"

बघा मुलांनो, जीप वाचली होती, पण मामांच्या मनात आबांची गोष्ट मोडली होती. मला काय बोलावं सुचेना. जाळीच्या नऊ फटी एक सांगत होत्या, पेटीचे अठ्ठावीस फेरे दुसरं.

चहा घेऊन आलेल्या मामींनी हे ऐकलं. त्या म्हणाल्या, "उगंच कशाला सांगतील मामंजी? माझं लगीन झालं त्या वर्सी खोकं फुटलं नव्हतं का हिचं? वगळीत दगडावर आदळून. सुगीभर जीप हितंच हुबी. मग मामंजींनी कोल्लापुरास्नं दुसरं खोकं आणलं, ट्रकात घालून. बसवायला दोन मिस्त्री चार दिस खपत हुते. मीच जेवण वाढलंय त्यास्नी."

मामा बघतच राहिले. त्या वर्षी ते पुण्याला नोकरीत होते. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे फटीही खरं सांगत होत्या आणि फेरेही. जीपचं तोंड लढाईच्या काळातलं, पोटातली पेटी नंतरची. पेटीनं फक्त पेटीबद्दल उत्तर दिलं होतं. सगळ्या जीपबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं! आपण मात्र एका उत्तरावरून सगळ्या गोष्टीचा निकाल लावायला निघतो. मला त्या दिवशी सगळ्यात मोलाचं काही वाटलं असेल तर ते हेच. मोजमाप खोटं बोलत नाही. पण ते विचारलं तेवढंच सांगतं. उरलेलं सांगायला आठवण असलेलं माणूस लागतं. आणि आठवण असलेलं माणूस बहुधा स्वयंपाकघरात असतं, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आणखी एक गंमत. आबांनी टी-९० बसवली ती काही पुस्तक वाचून नव्हे. कोल्हापुरात जी मिळाली ती घेतली. पण ती आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी पेटी होती, म्हणूनच इतक्या वर्षांनी तिचे गिअर मिळाले. मूळची टी-८४ तशीच राहिली असती, तर जीप जास्त 'अस्सल' ठरली असती आणि बहुधा भंगारात गेली असती. जुनी वस्तू जगते ती अशीच, कुणी ना कुणी केलेल्या दुरुस्तीवर.

दहा दिवसांनी दिल्लीहून पार्सल आलं. मिस्त्रीनं दुसरा गिअर आणि त्याचं पितळी कडं बदललं. दुसरा गिअर आता उडत नाही. भंगारवाला परत गेला, जाताना त्यानंही जीपभोवती एक चक्कर मारली आणि "चांगली गाडी हाय" म्हणाला.

आता मामा कागदपत्रांच्या मागे लागलेत. २०२१ मध्ये आपल्या देशात जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूप टिकवून ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर चालवता येत नाही. मामा म्हणतात, "न्हाई तर न्हाई. पाणी वाहून झालं तिचं. आता बसून खाऊ दे." अर्जाबरोबर जोडायला त्यांनी वहीतला तो कागदही जपून ठेवलाय. अर्जाला त्याचा काही उपयोग नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आता तुमच्यासाठी एक काम. जीप नसली तरी सायकल बहुतेकांच्या घरी असते. मोठ्या माणसाला सांगून ती स्टँडवर लावा. साखळीत बोटं जाणार नाहीत याची काळजी घ्या. सायकल थांबलेली असतानाच पायडलजवळच्या दातेरी चाकाचे दाते मोजा. मग मागच्या छोट्या चाकाचे मोजा. समजा, पुढे ४८ आले आणि मागे १८. ४८ ला १८ नं भागा. उत्तर येईल दोन पूर्णांक दोन तृतीयांश. म्हणजे पायडलचे तीन फेरे मारले की मागचं चाक बरोबर आठ वेळा फिरायला हवं. टायरवर खडूनं खूण करा, भावाला किंवा बहिणीला मोजायला बसवा, आणि बघा फिरतं का. फिरलं नाही, तर आधी दाते परत मोजा.

आणि ती सायकल घरात कुणी, कधी, कुठून आणली, हेही विचारा. त्यासाठी मात्र स्वयंपाकघरात जावं लागेल.